सहा सिलिंडर आणि एक अबोला

बाबालाल मिस्त्रीनं सायलेन्सरमधली आवाज दाबणारी पुंगळी काढून गाडी सुरू केली, आणि शेडच्या पत्र्यावर झोपलेलं मांजर हातभर उडालं. समोरच्या लेथवाल्यानं मशीन बंद करून बाहेर डोकं काढलं. चहाच्या गाड्यावरून कुणीतरी ओरडलं, "कोण निवडून आलं रं?"

कोल्हापुरात एवढा आवाज निकालाच्या दिवशी होतो, नाहीतर फुटबॉलची फायनल जिंकल्यावर. त्या दिवशी नुसता मंगळवार होता.

आबा मात्र खुलले. बॉनेटवर तळहात ठेवून ते डोळे मिटून उभे राहिले आणि म्हणाले, "आता जरा जीव आल्यागत वाटतंय."

हे ते बाबालालला म्हणाले. मी त्यांच्यापासून दोन हातांवर उभा होतो.

"ऐकलंत का प्रोफेसर?" बाबालाल माझ्याकडे वळून ओरडला. "आबा म्हणत्यात, जीव आला!"

"मी इथंच आहे, बाबालालभाई."

"म्हाईत हाय की. पर तुमच्यात तशी पद्धत हाय न्हवं!"

पद्धत होती खरी. लोकांच्या घराण्यात तलवार असते, पैठणी असते. आमच्या घराण्यात अबोला होता. आबा, म्हणजे माझे वडील, आणि चुलते एका रहाटाच्या दोरावरून अकरा वर्षं बोलले नाहीत. मधल्या काळात विहीर आटली, रहाट मोडीत गेला, अबोला शाबूत. आत्या तर नवऱ्याशी मांजराच्या मार्फत बोलायची. "मने, सांग त्यांना, जेवण वाढलंय." मांजर मेल्यावर महिनाभर त्या घरात पंचाईत झाली होती.

त्यामुळं आबांनी माझ्याशी बोलणं टाकलं, तेव्हा मला वाईट वाटलं, पण नवल वाटलं नाही. त्या मंगळवारी त्याला चौदा महिने होत आले होते.

कारणही मला ठाऊक होतं. कॉलेजातले दोन सहकारी घरी आले होते. आबा ओट्यावर पेपर वाचत बसले होते. एकानं विचारलं, "वडील काय करायचे?" मी म्हणालो, "कारखान्यात होते. वाहतूक विभागात."

खोटं नव्हतं. साखर कारखान्याच्या चेअरमनसाहेबांची गाडी चालवणं हा वाहतुकीचाच भाग झाला. पण आबांनी पेपरचं पान उलटलं ते जरा जोरात, असं मला वाटलं. त्या दिवसापासून मी काही विचारलं की ते भिंतीकडं बघायचे, नाहीतर हुं म्हणून उठून जायचे. संध्याकाळी टीव्ही एवढ्या मोठ्यानं लावायचे की शेजारच्या गल्लीला बातम्या फुकट. हा निषेध आहे, हे मी ओळखलं होतं. आठवड्यानं एका सकाळी ते बॉनेटमध्ये डोकं घालून उभे होते, तेव्हा मी त्यांच्या पाठीमागं जाऊन म्हणालो, "आबा, चुकलो. ड्रायव्हर म्हणायला पाहिजे होतं. माफ करा." त्यांनी वळूनसुद्धा बघितलं नाही. पाना फिरवत राहिले. तेहतीस वर्षांचा, पदार्थविज्ञान शिकवणारा माणूस मी; पाठ फिरवलेल्या बापापुढं दोन मिनिटं उभा राहिलो आणि कॉलेजला गेलो.

आई असती तर तिनं काहीतरी केलं असतं. ती जाऊन तीन वर्षं झाली होती. बायको बँकेत. सासऱ्याशी तिचं बोलणं "ताट वाढलंय" एवढंच, आणि ताट तर दिसतंच.

राहिली गाडी. काळी, लांबडी, परदेशी बनावटीची, ओळीनं सहा सिलिंडर असलेली. आबांनी ती एकोणीस वर्षं साहेबांसाठी चालवली. साहेब गेले, आणि पोरांनी, एवढं पेट्रोल पिणारं जनावर नको म्हणून, ती आबांनाच देऊन टाकली. कारखान्यात आबांना केरबा ड्रायव्हर म्हणायचे; तो केरबा ड्रायव्हर मालक झाला. आबा तिला रोज धुवायचे, आठवड्यातून एकदा जोतिबाच्या डोंगरावर नेऊन आणायचे. आणि वर्षभर एकच रड चालली होती, "हिच्यात दम ऱ्हायला न्हाई."

त्या माघात त्यांनी आईच्या फोटोला उद्देशून जाहीर केलं, "पाडव्यापत्तोर हिच्यात दम आला तर ठीक. न्हाईतर साहेबांच्या बंगल्यावर न्हेऊन लावतो. मेलेलं जनावर दारात ठेवत न्हाईत."

फोटो काही बोलला नाही, पण मी ऐकलं. मला वाटलं, हीच संधी. गाडीत दम आणला तर माणूस खूश होईल, आणि खूश माणूस कधीतरी चुकून पोराशी बोलून जाईल. गाडीची ताकद हा फिजिक्सचा प्रश्न होता. माफीचा प्रश्न माझ्या विषयात येत नव्हता.

बाबालालनं इंजिन तपासलं. कॉम्प्रेशन ठीक, पेट्रोल ठीक, ठिणगी ठीक. "इंजिनाला काय धाड भरल्याली न्हाई," तो म्हणाला. "मागं बघू. धूर कोंडत असंल."

सायलेन्सरची निवड अशी सुरू झाली. तीन पर्याय होते. पहिला कोल्हापुरी आणि फुकट: आहे त्याचीच पुंगळी काढायची. दुसरा मी पुण्याहून मागवलेला, तीन इंची, चकचकीत, आत काहीही नसलेला सरळ पाइप. त्याच्या खोक्यावर ताकद पंधरा टक्के वाढेल असं छापलं होतं. तिसरा बाबालाल स्वतः बनवणार होता. पुढच्या तीन सिलिंडरांच्या नळ्या एकत्र, मागच्या तिन्हींच्या एकत्र, मग दोन्हींचा मिळून अडीच इंची एक, आणि शेवटी नीट डबा.

"तीन इंची का नको?" मी विचारलं.

"प्रोफेसर, नळाच्या तोंडाला बोट लावल्यावर पाणी लांब उडतंय का जवळ?"

"लांब."

"मग? धुराला बी वेग लागतो. उगं भोक मोठं केलं म्हंजे ताकद येत न्हाई. आवाज येतो. आपल्याकडं लोक आवाजालाच ताकद म्हणत्यात, ते सोडा."

माझ्या पुस्तकांनीही तेच सांगितलं. मी आकडेमोड करून कागदावर क्रम लिहिला: बाबालालचा सगळ्यात वेगवान, पुण्याचा सगळ्यात निकामी. मग कॉलेजच्या प्रयोगशाळेतलं स्टॉपवॉच उचललं. केर्लीच्या फाट्यापासून डोंगरावरच्या एका ठरावीक वळणापर्यंत, रोज सकाळी साडेसहाला, रोज एक सायलेन्सर. चालवणार आबा. त्या गाडीचं स्टिअरिंग दुसऱ्याच्या हातात द्यायचा प्रश्नच नव्हता.

"सांग तुज्या प्रोफेसरला," आबा बाबालालला म्हणाले, "घड्याळ काय धरायचं ते धरू दे. मी काय काट्याकडं बघून गाडी चालवत न्हाई."

हे अक्षरशः खरं होतं. गाडीत इंजिनाचे फेरे दाखवणारा काटा होता, पण आबांनी त्याच्याकडं आयुष्यात पाहिलं नव्हतं. काट्याकडं बघून गियर बदलणं म्हणजे घड्याळ बघून भूक लागणं, असं ते म्हणायचे. गाडी कानानं चालते. इंजिनाचा सूर कुठं चढला, कुठं उतरला, त्यावर गियर. या कानासाठी ते सगळ्या कारखान्यात प्रसिद्ध होते.

जुना सायलेन्सर: सहा मिनिटं वीस सेकंद.

पुंगळी काढून: पाच मिनिटं अठ्ठावन्न.

मी जरा चमकलो. पण प्रयोगात असं होतं. वारा असतो, रस्ता असतो.

पुण्याचा तीन इंची: पाच मिनिटं एकोणपन्नास. त्या दिवशी फाट्यावरची सगळी कुत्री आमच्यामागं अर्धा किलोमीटर पळाली आणि एका म्हशीनं दावं तोडलं. आबांच्या चेहऱ्यावर साहेब हयात असतानाचं हसू होतं.

मी मात्र हादरलो. माझ्या कागदावर जो शेवटचा, तो रस्त्यावर पहिला आला होता. जितका आवाज जास्त तितकी गाडी वेगात. म्हणजे टपरीवरच्या पोरांचं विज्ञान बरोबर, माझं एमएस्सी चूक.

"उद्या माजा बसवू, मग बोला," बाबालाल म्हणाला. पण त्याचाही आवाज जरा उतरला होता.

शुक्रवारी बाबालालचा सायलेन्सर बसला. काय सुंदर काम होतं! सहा नळ्या हाताच्या बोटांसारख्या वळून येत होत्या. गाडी सुरू केली की नुसती घुमायची, तानपुरा लावावा तशी. आबांनी दोनदा किल्ली फिरवली. सुरू झालेल्या गाडीला परत स्टार्टर मारला. कर्रर्र झालं. बाबालालनं माझ्याकडं बघितलं, मी बाबालालकडं. आम्ही दोघांनी त्याचा अर्थ "आबा नाराज आहेत" असा लावला.

वेळ: सहा मिनिटं एक्केचाळीस. जुन्यापेक्षासुद्धा एकवीस सेकंद जास्त.

वरच्या वळणावर मी घड्याळ हलवून बघितलं. बाबालाल मागच्या सीटवर कपाळाला हात लावून बसला. त्याच्या तीस वर्षांच्या धंद्याचा निकाल होता तो.

आबा आरशात बघून बाबालालला म्हणाले, "बघितलंस? मेलीय गाडी. परवा बंगल्यावर सोडतो."

"आणखी एकदा," मी म्हणालो. कुणी उत्तर दिलं नाही, म्हणून मी बोटानं खाली दाखवलं. आबांनी खांदे उडवले आणि गाडी वळवली.

दुसऱ्या फेरीत मी स्टॉपवॉचकडं बघितलंच नाही. काट्याकडं बघितलं.

फाटा सुटला. पहिला गियर, दुसरा गियर. काटा चढला. चार हजार. इथं गियर बदलायला हवा होता. पाच हजार. चढाची सुरुवात, इंजिन आता गुणगुणत नव्हतं, किंचाळत होतं. पण डब्यातून, दाबून, लांबून आल्यासारखं. साडेपाच. काटा लाल पट्ट्यात शिरला. आबा शांतपणे समोर बघत होते. ते वाट बघत होते. सूर चढायची.

"आबा, गियर," मी म्हणालो.

काही नाही.

"आबा! गियर!"

त्यांनी मग गियर टाकला तो तिसरा सोडून एकदम चौथा. गाडी मेल्यासारखी झाली, हिसके देऊ लागली. तिलाही ते ऐकत नव्हते. आणि त्याच वेळी मला मागचा हॉर्न जाणवला. तो बराच वेळ वाजत होता. एसटी होती. उजवीकडून आमच्या बरोबरीला आली होती, आणि आबा पुढचं वळण घ्यायला गाडी निवांत उजवीकडं घालत होते, रस्ता रिकामा असल्यासारखी.

"आबा, एसटी!" बाबालाल मागून ओरडला, पण तोवर मी स्टिअरिंगला हात घातला होता. एसटीच्या ब्रेकचा आवाज डोंगरभर झाला. आमची गाडी डाव्या कठड्याला घासून, धापा टाकत थांबली. माझ्या हातातलं स्टॉपवॉच खाली पडून चालूच राहिलं.

आबा माझ्याकडं वळले. चेहरा पांढरा पडला होता.

"स्टिअरिंगला हात लावायचा न्हाई," ते म्हणाले.

चौदा महिन्यांनी माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य.

एसटीचा ड्रायव्हर दार उघडून खाली उतरला. त्याच्यामागं नारळाच्या पिशव्या धरलेलं अर्धं गाव. "कानात बोळं घातल्यात काय म्हातारबा?" तो आबांच्या खिडकीशी येऊन गरजला. "खालपास्नं हॉर्न मारतोय! चाळीस माणसं हाईत माज्या गाडीत!"

आबा त्याच्या तोंडाकडं नीट बघत राहिले. मग आदबीनं हसले आणि म्हणाले, "व्हय, व्हय. आमचं काय न्हाई. तुम्ही व्हा म्होरं."

एसटीचा ड्रायव्हर चक्रावला. मीही.

आबा उतरून कठड्यापाशी गेले आणि गाडीला कुठं ओरखडा आलाय ते बोटानं चाचपू लागले. मी त्यांच्यामागं जाऊन उभा राहिलो. माफी मागितली त्या सकाळी बॉनेटपाशी राहिलो होतो, तेवढ्याच अंतरावर.

"आबा," मी म्हणालो. नेहमीच्या आवाजात.

बोट ओरखड्यावरून फिरत राहिलं.

"आबा."

त्यांच्या डोक्यामागं मी जोरात टाळी वाजवली. एसटीतलं एक तान्हं पोर दचकून रडायला लागलं. आबांनी रुमाल काढला आणि ओरखडा पुसला.

मी दरवर्षी अकरावीला ध्वनीचा धडा शिकवतो. तरंग, माध्यम, ग्राहक. ग्राहक नसेल तर काय होतं, हा प्रश्न मी स्वतः दोन वेळा पेपरात घातला होता.

"बाबालालभाई," मी म्हणालो, "यांना ऐकू येत नाही."

"काय तरीच काय!" बाबालाल ओरडला. "माज्यासंगं रोज बोलत्यात की!"

"तुम्ही ओरडता, बाबालालभाई. तुमच्या शेडमध्ये सगळेच ओरडतात."

आबा दिवसभर त्याच्या शेडमध्ये का बसायचे, हे आम्हा दोघांना एकाच वेळी कळत होतं. टीव्ही. दुसऱ्यांदा मारलेला स्टार्टर. आणि चार दिवसांचे माझे आकडे: मी सायलेन्सर मोजत नव्हतोच. मी आबांचे कान मोजत होतो. जेवढा आवाज, तेवढे गियर वेळेवर. जगातल्या कुठल्याही शहाण्या घरात हे आठवड्यात कळलं असतं. आमच्याकडं चौदा महिने गेले, कारण आमच्याकडं माणूस बोलला नाही तर त्याला डॉक्टरकडं नेत नाहीत. मान राखतात.

मी आबांच्या समोर गेलो. त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि ओरडलो, "कधीपासून?"

ते दचकले. माझ्याकडं, मग बाबालालकडं, मग एसटीकडं त्यांनी पाहिलं. खोटं बोलावं का याचा विचार करत असावेत. मग सोडून दिलं.

"गेल्या दिवाळीच्या आदल्या दिवाळीपास्नं. कमी कमी होत गेलं."

"सांगितलं का नाही?"

"ड्रायव्हरला ऐकू येत न्हाई म्हटल्यावर किल्ली काढून घेत्यात," आबा म्हणाले. "कारखान्यात गणपा ड्रायव्हरची घेतली, तवा सही मीच केली हुती." मग जरा थांबून, "आणि सांगायचं कुणाला? तू तर बोलणंच टाकलं हुतंस."

"मी?"

"न्हाई तर काय मी? वर्षभर बघतोय. येतोस, पाठीमागनं जातोस. म्हटलं, प्रोफेसर झाला. ड्रायव्हरसंगं काय बोलणार."

मी कठड्यावर टेकलो.

"मी माफी मागितली होती!" मी ओरडलो. "तुम्ही बॉनेटमध्ये होता तेव्हा!"

"कशाची?"

"त्या दिवशी कॉलेजचे दोघं आले होते, तेव्हा मी..." आणि मी थांबलो.

त्यांनी ऐकलंच नव्हतं. ना माफी, ना अपराध. पान जोरात उलटलं नव्हतं, नुसतं उलटलं होतं. चौदा महिने मी ज्या गुन्ह्याची शिक्षा भोगत होतो, तो कुणाला माहीतच नव्हता. आता फक्त "काही नाही आबा" म्हटलं असतं तरी भागलं असतं. घरी गेलो असतो, कानाच्या डॉक्टरकडं गेलो असतो.

आबा माझ्या ओठांकडं बघत होते. एसटीच्या ड्रायव्हरकडं बघितलं होतं, तसंच. एकही शब्द निसटू नये म्हणून. त्या नजरेपुढं "काही नाही" म्हणता येईना.

"तुम्ही काय करता असं त्यांनी विचारलं!" मी ओरडलो. "मी म्हणालो, वाहतूक विभागात होते!"

"काय विभाग?"

"वाहतूक!" डोंगरानं तो शब्द परत पाठवला. "ड्रायव्हर म्हणायची लाज वाटली मला!"

खाली उतरलेले परत चढले होते; एसटीच्या खिडक्यांमधून चाळीस डोकी बाहेर आली होती. खाली उभा असलेला एसटीचा ड्रायव्हर माझ्याकडं बघत होता. आयुष्यात पुष्कळांनी माझ्याकडं पाहिलंय, प्राचार्यांनी, सासऱ्यांनी. पण तसं कुणी पाहिलेलं नाही. त्यानं कंडक्टरला फक्त एवढंच म्हटलं, "शिकवा पोरास्नी." आणि तो गाडीत जाऊन बसला. एसटी आम्हाला वळसा घालून वर निघून गेली.

आबांनी रुमालाची घडी घातली, परत उलगडली, परत घातली. माझ्या घराण्याचा इतिहास माझ्या डोळ्यांपुढून गेला. अकरा वर्षं. रहाटाच्या एका दोरासाठी.

"ड्रायव्हर म्हणायचं," आबा शेवटी म्हणाले. "नुसतं न्हाई. सहा सिलिंडरचा ड्रायव्हर म्हणायचं. चार सिलिंडरवालं पोत्यानं मिळत्यात."

त्यांनी खिशातून किल्ली काढली आणि तळहातावर धरून बघत राहिले. गणपाची आठवली असावी. मग ती माझ्यापुढं केली.

परत फाट्यावर जाऊन खालून वरपर्यंत मी गाडी चालवली, आबा शेजारी, बाबालाल मागं, नजर काट्यावर, चार हजाराला गियर. वळणाशी पोचलो तेव्हा बाबालालनं सीटखालचं स्टॉपवॉच पुढं केलं. फाट्याशी त्यानं ते शून्यावरून सुरू केलं होतं. पाच मिनिटं एकतीस.

"माजा सायलेन्सर!" बाबालाल मागून एवढ्यानं ओरडला की आबांनीही ऐकलं. "बघितलंत? पंधरा टक्के म्हणं! खोकं तेवढं पंधरा टक्क्याचं!"

"गाडी मेल्याली न्हाई म्हण की," आबा म्हणाले. त्यांनी डॅशबोर्डवर हात फिरवला. माझ्या हातातली गाडी पाच एकतीसमध्ये वर आलेली बघून त्यांना आनंद झाला की दुःख, हे मला त्या दिवशीही कळलं नाही आणि पुढं वीस वर्षांतही मी विचारलं नाही. काही गोष्टी ओरडून विचारता येत नाहीत.

"मग कुठला ठेवायचा, आबा?" बाबालालनं विचारलं. "माजा हाय, पर तुम्हाला ऐकू येणार न्हाई. पुण्याचा बसवला तर निदान कानावर पडंल काय तरी."

आबांनी मान वळवून माझ्याकडं पाहिलं. ओरडून ओरडून माझा घसा पार बसला होता.

"तुजाच असू दे," ते बाबालालला म्हणाले. "वराडायला आता ह्यो हाय."